वाकलं की येते

एकोडीच्या शिवारात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की पहिली ओळ कौशल्याबाईची असायची. अंगानं ती चांगली भरलेली होती आणि उंचही होती. चिखलात उभी राहिली की बाजूच्या बाया लहान दिसायच्या. पण एकदा कमरेत वाकली की बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ती सरळ होत नसे. डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात, आणि ती मागं मागं सरत जायची. तिच्यासमोर हिरव्या धानाची ओळ उमटत जायची. ज्याच्या बांधीत कौशल्याबाई आली त्याचा रोवणा वेळेत संपणार, हे गावात ठरलेलं होतं. तिच्या जाडपणाला कोणी नावं ठेवत नव्हतं. उलट, गजब जोर आहे बाईत, असंच म्हणायचे.

पस्तिशी ओलांडल्यावर तिचे गुडघे सुजायला लागले. वाकायला त्रास नव्हता, पण चिखलातून पाय उपसताना गुडघ्यात कळ यायची. तिनं निरगुडीचा पाला बांधला, तेल चोळलं, गावच्या डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या. धान कापून झाल्यावर, १९८३ च्या हिवाळ्यात, साकोलीला मोठं शिबिर लागलं. नागपूरहून डॉक्टर येणार होते. कौशल्याबाई नवऱ्याला, सोमाजीला, घेऊन गुडघ्याच्या गोळ्या आणायला गेली.

शिबिरातला डॉक्टर चाळिशीचा होता. विलायतेत शिकून आलेला, नागपुरात स्वतःचा दवाखाना काढलेला. त्यानं गुडघे दाबून पाहिले आणि मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गोळ्यांनी काही होणार नाही, बाई. हे गुडघे तुमचं वजन उचलून थकलेत. वजन उतरलं तर गुडघे सुटतील."

"उपाशी राहू का मंग?"

"उपाशी राहायची गरज नाही. एक ऑपरेशन आहे." त्यानं मूठ वळून दाखवली. "पोटाची पिशवी असते ना, तिचा वरचा एवढासा भाग टाके मारून वेगळा करायचा. त्याच्या तोंडाशी एक पट्टा बसवायचा. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. विलायतेत सर्रास करतात. आपल्याकडे अजून लोकांना माहीत नाही. तुम्ही तयार असाल तर मी फुकट करीन."

कौशल्याबाईनं एकच गोष्ट विचारली. "मंग मले रोवता येईन?"

डॉक्टर हसला. "पळतासुद्धा येईल."

घरी सासू सत्यभामाबाई विरोधात होत्या. चालत्याबोलत्या बाईचं पोट फाडायचं, ही गोष्टच त्यांना पटली नाही. सोमाजीला काही सुचत नव्हतं. निर्णय कौशल्याबाईनंच घेतला. गुडघे असेच सुजत राहिले तर दोन वर्षांनी ती धुऱ्यावर बसून दुसऱ्यांचा रोवणा पाहत बसणार, हे तिला दिसत होतं. पूस महिन्यात ती नागपूरला गेली आणि कागदावर अंगठा न उठवता, चौथीपर्यंत शिकलेली होती म्हणून, स्वतःच्या हातानं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. पहिले काही दिवस पातळ पेज, मग मऊ भात. चार घासांत खरंच पोट भरायचं. होळीपर्यंत तिच्या चोळ्या अंगात लोंबायला लागल्या. बाया तिला पाहायला यायच्या, दंडाला हात लावून पाहायच्या, हसायच्या. सोमाजीनं बाजारातून नवं लुगडं आणलं. आणि गुडघे? गुडघे सुटले. उकिडवं बसून तिनं अंगणात भांडी घासली आणि भिंतीला हात न लावता उठून उभी राहिली, तेव्हा सत्यभामाबाईंनीही मान हलवली.

जळजळ सुरू झाली ती घर सारवताना. गुडघे टेकून, एका हातानं शेणाचा पोतेरा फिरवत ती पुढं वाकली, आणि पोटातून काहीतरी गरम, आंबट वर आलं. गळ्यात आलं, नाकात चढलं. ती ठसकली. तोंड धुतलं, पुन्हा वाकली, पुन्हा आलं. त्या दिवसापासून ते आलंच. वाकली की यायचं. आडवी झाली की यायचं. खोकल्यानं जाग यायची आणि उशी ओली असायची. दात आंबून जायचे, पेज पितानाही झिणझिण्या यायच्या. छातीच्या मधोमध कोणी निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. आवाज बसला. पूर्वी ती या बांधीतून त्या बांधीतल्या बाईला हाक मारायची, आता ओसरीवरून अंगणातल्या माणसाला ऐकू जाईना. सोमाजीनं खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा रचल्या. तीन-चार उशा लावून ती बसल्या बसल्याच डोळे मिटायची.

तपासणीला नागपूरला गेली तेव्हा तिनं डॉक्टरला सांगितलं.

"तिखट कमी करा," तो वजनकाट्याकडे पाहत म्हणाला. "वा! छान उतरलंय."

"तिखट त मी खातच नाई. पेज पिते."

"जेवल्यावर लगेच झोपू नका. हे पांढरं औषध घ्या. जाईल हळूहळू."

पुढच्या खेपेला तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्ही मनावर फार घेता. शरीर बदललंय, त्याला सवय होऊ द्या." कौशल्याबाई उठली. बाहेर येऊन सोमाजीला म्हणाली, "मनात जळते म्हणतो तो. मनाचं पाणी उशीवर पडते का?"

आषाढात रोवणा लागला. शेजारच्या ईश्वरच्या बांधीत नेहमीसारखी तिला पहिल्या ओळीत जागा दिली. तिनं काष्टा खोचला, चिखलात उतरली, गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. ती वाकली. पहिली जुडी संपायच्या आत गळ्याशी आंबट आलं. तिनं गिळलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा गिळता आलं नाही. हातातले पऱ्हे तिथंच टाकून ती धुऱ्यावर धावली, ओकली आणि मान मागं टाकून उभी राहिली. बाया थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "दिवस गेले का वो, कौशल्ये?"

सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं.

"दिवस नाई गेले," कौशल्याबाई म्हणाली. "माहं पोट शिवलं आहे एका माणसानं. हसा."

मग कोणी हसलं नाही. तिनं आणखी एकदा प्रयत्न केला, दुपारी काही न खाता. उपाशी पोटीही आंबट पाणी आलंच. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चिखलाचे पायही धुतले नाहीत. ओसरीवर बसून राहिली. सत्यभामाबाई म्हणाल्या, "मी तवाच म्हणत होती." कौशल्याबाईनं पाण्याचा लोटा उचलला आणि अंगणात भिरकावला. लग्न होऊन घरात आल्यापासून तिनं कधी काही फेकलं नव्हतं.

त्या वर्षी तिनं बसून पऱ्हे खोदण्याचं काम केलं. पाटावर ताठ बसायचं, हात लांब करून पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या. ते काम म्हाताऱ्यांचं. येणारे-जाणारे तिला पाहून म्हणायचे, "चांगली बारीक झाली हो बाई." तिला त्यांच्या तोंडावर चिखल मारावासा वाटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात सरपंच मधुकरराव घरी आले. नागपूरचे डॉक्टर गावात येणार होते, सोबत आणखी दोन डॉक्टर आणि फोटो काढणारा माणूस. एकोडीच्या बाईवर असं ऑपरेशन झालं ही गावाला मोठी गोष्ट होती. शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवायचा होता. डॉक्टरांचाही आणि कौशल्याबाईचाही.

"माहा सत्कार कायचा?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

"तुम्ही हिंमत केली न, बाई."

"मले जळजळ होते, भाऊ. रोवता नाई येत."

"सांगा न त्यायले. समोरासमोर आहेत. यापेक्षा चांगला मोका कोणता?"

म्हणून ती तयार झाली. सांगायचं होतं म्हणून.

सभेआधी पाहुण्यांचं जेवण मधुकररावांच्या घरी होतं. त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, कौशल्याबाईलाही पाटावर बसवलं. डॉक्टरांसमोर दोन घास खा, त्यांना बरं वाटेल, असा आग्रह. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. ती नको म्हणत होती. पाहुणे पाहत होते. तिनं अर्धी पुरी खाल्ली, चिमूटभर बुंदी खाल्ली, आणि ते छातीशी अडकून बसलं. तिनं डॉक्टरला गाठायचा प्रयत्न केला. तो त्या दोघांशी इंग्रजीत बोलत होता. "नंतर बोलू, बाई," म्हणाला.

पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर मोठा केलेला फोटो ठेवला होता आणि त्याच्याशेजारी तिला उभं केलं. तिनं फोटो पाहिला. ती स्वतःच होती, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची, दवाखान्याच्या आखूड झग्यात, पोटऱ्या उघड्या, हात बाजूला सोडलेले. हा फोटो कागदपत्रांसाठी आहे असं तेव्हा सांगितलं होतं. आता सगळं गाव तो पाहत होतं. पोरं एकमेकांना कोपर मारत होती. तिच्या कानशिलात ऊन चढलं.

डॉक्टर बोलायला उठला. "या बाई दोन वर्षांपूर्वी जिना चढू शकत नव्हत्या," तो म्हणाला. एकोडीत तेव्हा जिना असलेलं घर एकही नव्हतं. "आज त्या शेतात पहिल्यासारखं काम करतात. कसलाही त्रास नाही."

"त्रास आहे," कौशल्याबाई म्हणाली. पण बसलेला आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही. टाळ्या झाल्या. हार घातले गेले. मग मधुकरराव म्हणाले, "कौशल्याबाई, डॉक्टरसाहेबांच्या पाया पडा. फोटो घ्यायचा आहे."

"मी वाकणार नाई."

मधुकररावांचा चेहरा पडला. "असं कसं?"

"वाकलं की येते."

लोकांना वाटलं बाई चढेल झाली. मागून सत्यभामाबाई आल्या. एवढ्या पाहुण्यांसमोर सुनेनं नाही म्हणावं याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, "वाक वो. एका मिनिटाची गोष्ट आहे. इज्जत जाऊन राहिली." सोमाजी समोर उभा होता. त्यानंही मानेनं खूण केली. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. डॉक्टर हसत, हात आशीर्वादाला तयार ठेवून उभा होता.

कौशल्याबाईनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ती वाकली. पूर्वी बांधीत वाकायची तशी, कमरेतून, पूर्ण. हात पायांपर्यंत पोचले आणि गळ्याशी आलेलं तिनं या वेळी गिळलं नाही. पुरी, बुंदी, आंबट पाणी, सगळं डॉक्टरच्या काळ्या बुटांवर पडलं.

तो मागं उडाला. कौशल्याबाई सरळ झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हे पाहा," ती म्हणाली. आता इतकं शांत होतं की तिचा घोगरा आवाजही मागच्या झाडापर्यंत गेला. "हे रोज येते. वाकलं की येते, झोपलं की येते. याचा बी फोटो काढा. ह्या दोन साहेबायले दाखवा."

त्या दोघांपैकी वयस्कर डॉक्टर पुढं झाला. त्यानं विचारलं, "किती दिवसांपासून?"

"पयल्या होळीपासून. यायले सांगतलं हाय. मनावर घेऊ नका म्हणे."

वयस्कर डॉक्टरनं तिच्या डॉक्टरकडे पाहिलं. तो रुमालानं बूट पुसत होता. "उद्या नागपूरला या," तो खालीच पाहत म्हणाला. "फोटो काढून बघू."

घरी जाताना सत्यभामाबाई रडत होत्या, गावाचं नाक कापलं म्हणून. सोमाजी थोडा मागं राहून चालत होता. मग म्हणाला, "सांगून द्याचं होतं न, आता येते म्हणून."

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मान हालवली."



नागपूरला तिला खडूसारखं पांढरं औषध प्यायला दिलं आणि यंत्रापुढं उभं करून, मग आडवं करून पोटाचे फोटो काढले. दुपारी डॉक्टरनं त्यांना आत बोलावलं. काचेवर काळा फोटो लावला होता. त्यात पांढरी रेघ वरून येत होती, एका ठिकाणी दोऱ्याएवढी बारीक होत होती, आणि त्या जागेच्या वर फुगली होती.

"इथं जरा आवळ आहे," डॉक्टर म्हणाला. "त्यामुळे अन्न वर साठतं आणि आम्ल वर येतं. असं होतं काही जणांना."

"कोणी आवळलं?"

"बाई, तसं नसतं. शरीराची ठेवण असते, जखम भरताना..."

"पट्टा कोणी बसवला?"

"मी बसवला."

"मंग तुम्ही आवळला."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"वजन?"

"तुमाले मालूम हाय."

"मग? ज्यासाठी आलात ते झालं की नाही? थोडी आम्लपित्ताची तक्रार आहे, ती औषधानं राहील ताब्यात. तुम्ही आठवा तुम्ही कशा होतात."

"मी कशी होती?" कौशल्याबाई उठून उभी राहिली. सोमाजीनं तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवला. "मी रोवत होती. दिवसभर. माहा आवाज शिवारात जात होता. मी जेवत होती अना उताणी झोपत होती. गुडघे दुखत होते म्हणून आली मी तुमच्याजवळ, रोवता यावं म्हणून आली. तुमाले विचारलं होतं मी. तुम्ही पळता येईल म्हणलं. मले पळून कुठं जाचं होतं?"

"हे बघा, आवाज चढवू नका."

"चढत नाई तो आता. जळला हाय."

डॉक्टरनं घंटी वाजवली. पट्टा सैल करायचा तर पुन्हा पोट उघडावं लागेल, पण वजन परत येईल, आणि ते तिच्या हिताचं नाही, असं तो सोमाजीला सांगत राहिला. तिला नाही, सोमाजीला. कौशल्याबाई दार ढकलून बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. कौशल्याबाई पूर्वी होती तेवढी, किंवा थोडी जास्तच. पाय सुजलेले, श्वास लागलेला. शेजारी तिचा नवरा. नर्स त्यांना म्हणाली, "ह्या पाहा. ह्यांचं ऑपरेशन झालं आहे. आधी तुमच्यासारख्याच होत्या."

ती बाई करडी गावची सुशीलाबाई. नवऱ्याचं नाव टिकाराम. तिला साखरेची बिमारी होती, पायाची जखम भरत नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. तिनं कौशल्याबाईच्या हाताकडे, गळ्याकडे नवलानं पाहिलं. "चांगलं वाटते का, बाई, आता?"

कौशल्याबाई तिच्याशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गुडघे सुटले तेही सांगितलं. उशी, दात, खोकला, बांधीतून पळणं, सत्काराची पुरी, सगळं. नर्स दोनदा "बाई, पुरे" म्हणाली. टिकाराम चिडला. "तुमचं फुकटात झालं, आता आमचं काहून बिघडवून राहिल्या? तिचा पाय सडून राहिला."

"मी कुठं नको म्हणते? माहित असून झोपा त्या टेबलावर. मले कोणी सांगतलं नाई."

डॉक्टर बाहेर आला तेव्हा सुशीलाबाई भिंतीला धरून उठली. "साहेब, हिले होते ते मले होईन का?"

"प्रत्येकाला होत नाही."

"मले होईन का?"

त्यानं तिच्या पायाच्या जखमेकडे पाहिलं. "होऊ शकतं."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

तो आत गेला. सुशीलाबाई त्या दिवशी नवऱ्याला घेऊन परत गेली. एसटी स्टँडवर तिनं कौशल्याबाईला एकोडीचा रस्ता विचारून ठेवला.

दोन वर्षं तिची काही खबर नव्हती. कौशल्याबाईच्या मनात मात्र ती राहिली. आपल्या बोलण्यानं ती थांबली असेल आणि पाय गेला असेल तर? या विचारानंही तिला रागच यायचा. हे सांगायचं काम तिचं नव्हतं. ते ज्याचं होतं त्यानं केलं नाही म्हणून तिला करावं लागलं.

१९८७ च्या उन्हाळ्यात सुशीलाबाई एकोडीला आली. दारात उभी राहिली तेव्हा कौशल्याबाईनं ओळखलं नाही. अर्धी झाली होती. पायाची जखम भरली होती. टिकारामनं ओसरीवर आंब्यांची पिशवी ठेवली आणि सोमाजीजवळ जाऊन बसला.

"केलं तर," कौशल्याबाई म्हणाली.

"केलं. त्याच्याचजवळ. दुसरा कोण करते? पण तुह्यासारखं नाई होत मले. कधीमधी जळते. आडवी झोपते मी."

"नशीब तुहं."

सुशीलाबाई घुटमळली. मग म्हणाली, "नशीब नाई. मी त्याले म्हटलं, तुम्ही एकोडीच्या बाईचं आवळलं, माहं सैल ठेवा. तो म्हणला, आता आम्ही सैलच बसवतो. तुह्यापासून सगळ्यायचं सैलच बसवून राहिला तो."

कौशल्याबाईच्या हातात पाण्याचा पेला होता. तिनं तो खाली ठेवला. आतून सत्यभामाबाई ऐकत होत्या, त्याही बाहेर आल्या.

"म्हणजे त्याले कळलं," कौशल्याबाई म्हणाली. "फोटोत पाहून कळलं. माह्यासमोर शरीराची ठेवण म्हणे. अना तिकडे जाऊन पट्टा सैल केला."

"राग आला का माह्यावर?"

"तुह्यावर कायले? तुहा पाय वाचला, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं." तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. "माह्या पोटावर शिकला तो. शिकू दे. पण येऊन सांगाचं होतं. सत्काराले गाडी घेऊन आला होता न, तसं यायचं होतं. बाई, माहं चुकलं, एवढं म्हणायचं होतं."

सगळ्यांना वाटलं, बोलली, मोकळी झाली. पण सुशीलाबाईला पुढच्या तपासणीला नागपूरला जायचं होतं तेव्हा कौशल्याबाई तिच्यासोबत गेली. डॉक्टरनं तिला पाहिलं आणि उठून खुर्ची दिली. दवाखाना वाढला होता, नवी भिंत बांधली होती.

"माहा पट्टा आवळ बसला, ही तुमची चूक होती," ती म्हणाली. "हे म्हणा. हिच्यासमोर म्हणा."

डॉक्टर हसला, पण जुन्यासारखा नाही. "तुम्ही आमच्या सुरुवातीच्या केस होतात. तुमच्यामुळे आम्हाला पुष्कळ शिकायला मिळालं. खरं म्हणजे पुष्कळ बायांना तुमच्यामुळे..."

"हे मले विचारलं होतं का तुम्ही? तुमच्यावर शिकतो म्हणून?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं, टेबलावरचा कागद सरळ केला. मग हळू म्हणाला, "चूक झाली. मी जास्त आवळलं. मी पुन्हा ऑपरेशन करून देतो, तुम्ही म्हणाल तेव्हा."

"तुमच्या हातानं नाई," ती म्हणाली आणि उठली.

ती नागपूरच्याच सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या सर्जननं सगळे फोटो पाहिले आणि तिला, सोमाजीला नाही, तिला सांगितलं की पट्ट्याभोवती आता मांस धरलं आहे, काढताना पिशवी फाटू शकते, जिवालाही धोका आहे, आणि काढल्यावर जळजळ पूर्ण जाईलच असं तो सांगू शकत नाही. नव्या गोळ्या आल्या होत्या, त्या आधी घेऊन पाहा, मग ठरवा. कौशल्याबाईनं त्याला खूप प्रश्न विचारले. त्यानं प्रत्येकाचं उत्तर दिलं. दोनदा तो "मला माहीत नाही" म्हणाला आणि ती त्याच्यावर चिडली नाही.

तिनं पट्टा काढला नाही. गोळ्यांनी उशी ओली होणं थांबलं. खाट उतरतीच राहिली, संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आधी, तेही वाटीभर. आवाज थोडा उघडला, पूर्वीसारखा नाही. वाकणं मात्र गेलं ते गेलंच. घर सत्यभामाबाई सारवायच्या, त्यांचं वय झालं तेव्हा सोमाजी सारवायला लागला. लोक हसले, त्यानं ऐकलं नाही.

जळजळ अर्ध्यावर आली तसा रागही उतरला असेल, असं गावाला वाटलं. एकदा ग्रामपंचायतीसमोर मधुकरराव भेटले. सोबत साकोलीचे कोणी पाहुणे होते. त्यांना सांगायला मधुकररावांनी हाक मारली, "ह्याच त्या कौशल्याबाई. आता बरं आहे न, बाई?"

ती थांबली.

"अर्धं बरं आहे, अर्धं नाई," ती म्हणाली. "दोन्ही सांगत जा, भाऊ." आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन, ताठ चालत घराकडे गेली.